अंधाराचा पत्ता

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरची राजधानी गेली. जुन्या मध्य प्रदेशाची फेरवाटणी झाली, विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि नव्या मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळला हलला. फायली गेल्या, टेबलं-कपाटं गेली, त्यांच्यामागून कारकुनांचे संसार गेले. सचिवालयाच्या आधाराने नागपुरात रुजलेलं हिंदी लेखक-पत्रकारांचं जगही पांगलं. याच सुमारास चाळिशीला टेकलेल्या एका माणसाने आकाशवाणीतली नोकरी सोडली आणि भोपाळची वाट न धरता ‘नया खून’ नावाच्या साप्ताहिकात काम पत्करलं. घरात बायको-मुलं होती, डोक्यावर उसनवारी होती, बोटांत विडी होती. आणि पुऱ्या व्हायचं नाव न घेणाऱ्या लांबच लांब कविता होत्या.

हे गजानन माधव मुक्तिबोध. आधुनिक हिंदी कवितेची वाट कुणी वळवली, या प्रश्नाचं उत्तर देताना आज त्यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. तरीही हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. ते गेले तेव्हा हिंदीतला सर्वसाधारण वाचक त्यांना जेमतेम ओळखत होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मात्र तरुण कवींची पिढीच्या पिढी त्यांच्याशी आपलं नातं सांगू लागली. हे असं का झालं, याची बरीच उत्तरं दिली गेली आहेत. मला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं. मुक्तिबोधांच्या कवितेतला अंधार कवीच्या उदास मनातून आलेला नाही. त्या अंधाराला पत्ता आहे. तो नागपूरच्या गिरणीजवळचा आहे, राजनांदगावच्या पडक्या वाड्यातला आहे, सरकारी हुकमाच्या कागदावरचा आहे.

मुक्तिबोधांचं घराणं मूळचं जळगावकडचं. पणजोबांनी खानदेश सोडला आणि ग्वाल्हेर संस्थानात बस्तान बसवलं. गजाननाचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला झाला. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात होते. बदलीची नोकरी, त्यामुळे मुलांच्या शाळा सारख्या बदलत. अखेर घर उज्जैनला स्थिरावलं. घरात मराठी चाले, दाराबाहेर हिंदीचा माळवी थाट. आई पार्वतीबाई ईसागढच्या, बुंदेलखंडाकडच्या. त्या हरिभाऊ आपटे वाचत आणि प्रेमचंदही वाचत. प्रेमचंदांची भक्ती आपल्याला आईकडून मिळाली, असं मुक्तिबोधांनी पुढे एका लेखात लिहून ठेवलं आहे. शोषलेल्या माणसाविषयीची तळमळ त्यांना पोथीतून नव्हे, स्वयंपाकघरातून मिळाली. मार्क्स फार पुढे आला.

याच घरात धाकटे बंधू शरच्चंद्र वाढले. १९२१ साली इंदूरला जन्मलेले शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहू लागले. ‘नवी मळवाट’ या १९४९ च्या संग्रहाने ते नवकवींच्या पंक्तीत आले. उज्जैनची नदी जिच्या नावातच आहे, त्या ‘क्षिप्रा’ कादंबरीने मराठी वाचकाला बेचाळीसच्या काळातला माळवा दाखवला. १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोघा सख्ख्या भावांनी दोन भाषा निवडल्या, दोघेही मार्क्सवादाकडे वळले, दोघेही आपापल्या भाषेत अवघड कवी ठरले. अशी जोडी भारतीय साहित्यात शोधून सापडायची नाही. थोरल्याने हिंदी का घेतली, याचं उत्तर सरळ आहे. उज्जैन-इंदूरच्या शाळा-कॉलेजांत त्यांचे मित्र हिंदीत लिहीत होते आणि माखनलाल चतुर्वेदींचं ‘कर्मवीर’ साप्ताहिक खंडव्याहून निघत होतं. मुक्तिबोधांच्या सुरुवातीच्या कविता तिथे छापून आल्या.

१९३८ साली इंदूरच्या होळकर कॉलेजातून ते बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शांताबाईंशी लग्न केलं. तिथून जी पायपीट सुरू झाली ती वीस वर्षं थांबली नाही. बडनगर, शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर. कुठे शाळामास्तर, कुठे मासिकाच्या कचेरीत, कुठे दैनिकात, कुठे सरकारी प्रसिद्धी खात्यात. प्रत्येक गावी पगार अपुरा आणि मित्र मात्र जन्माचे.

या यादीत शुजालपूरजवळ थोडं थांबायला हवं. माळव्यातलं हे लहानसं गाव. तिथल्या शारदा शिक्षा सदन या शाळेत चाळीसनंतरच्या एक-दोन वर्षांत मुक्तिबोध आणि नेमिचंद्र जैन एकत्र आले. प्रभाकर माचव्यांची ये-जा होतीच. तोवर मुक्तिबोधांवर फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँचा पगडा होता. नेमिचंद्रांच्या सहवासात ते मार्क्सवादाकडे वळले. याच मित्रमंडळात नव्या कवींचं एक सामायिक पुस्तक काढायची कल्पना निघाली. ती कवी अज्ञेयांपर्यंत गेली, त्यांनी संपादन अंगावर घेतलं आणि १९४३ साली ‘तार सप्तक’ निघालं. सात कवी, प्रत्येकाचं निवेदन आणि कविता. पहिलं स्थान मुक्तिबोधांचं. सातांपैकी दोघांची, मुक्तिबोध आणि माचवे यांची, मातृभाषा मराठी होती.

हिंदी कवितेचा नवा कालखंड या पुस्तकापासून मोजतात. आधीच्या छायावादी कवितेची कोवळीक आणि गूढरम्यता ओसरत आली होती. प्रगतिवाद्यांची घोषणाबाजी अनेकांना रुचत नव्हती. ‘तार सप्तक’मधल्या कवींचं एकमेकांशी पटत होतं असं मुळीच नाही, आपण सारे वाट शोधणारे आहोत एवढाच त्यांच्यातला समान धागा. पुढे वाटा फुटल्याच. अज्ञेयांनी व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि शब्दांची काटकसर जपली. मुक्तिबोधांची कविता उलट दिशेने फुगत, पसरत, वळणं घेत गेली. त्यांना छोटी कविता जमेना, कारण ज्या प्रश्नाला हात घालावा त्याचं मूळ दुसऱ्या प्रश्नात सापडे आणि त्याचं तिसऱ्यात. स्वतःच्या पद्धतीचा त्यांनी कसून विचार केला होता. ‘तीसरा क्षण’ या लेखात त्यांनी निर्मितीचे तीन टप्पे मांडले आहेत: पहिला उत्कट अनुभवाचा, दुसरा तो अनुभव आपल्या दुःखापासून सुटून स्वतंत्र कल्पनाचित्र होण्याचा, तिसरा ते चित्र शब्दांत उतरण्याचा. या तिसऱ्या टप्प्यात शब्दांच्या ओझ्याने चित्र पुन्हा बदलतं, हे त्यांचं निरीक्षण. मुक्तिबोधांची एकेक कविता वर्षानुवर्षं का चाले, याचा उलगडा त्यातून होतो.

१९४८ च्या सुमारास ते नागपूरला आले आणि जवळपास दहा वर्षं राहिले. इथेच त्यांच्या कवितेला तिचं शहर मिळालं. सरकारी नोकरीत असताना राजकारणावर स्वतःच्या नावाने लिहिता येत नसे. मग द्वारकाप्रसाद मिश्रांच्या ‘सारथी’ साप्ताहिकात ‘यौगंधरायण’ या टोपणनावाने ते लिहीत. उदयन राजाच्या या मुरब्बी मंत्र्याचं नाव घेऊन ते सुएझपासून भारतातल्या परकी भांडवलापर्यंत सगळ्यावर मतं मांडत. दिवसा सरकारी प्रसिद्धिपत्रकं, रात्री सरकारवर टीका, आणि त्यानंतर उरलेल्या वेळात कविता. माणसाचं असं दुभंगून जगणं त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय झालं. त्याची सामग्री बाहेरून आणावी लागली नाही.

नागपूरच्या शुक्रवारी तलावाच्या कडेला एम्प्रेस मिलच्या चिमण्या उभ्या होत्या. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी नागपूरच्या कामगार जीवनाचं केंद्र होती. मुक्तिबोध याच भागात वावरत, कामगारांत मिसळत. गिरणीच्या संपात झालेला गोळीबार त्यांनी पाहिला आणि त्याची छाया पुढच्या कवितांवर पडली, असं त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगितलं आहे. रात्री उशिरापर्यंत शहरभर हिंडायची, टपरीवर चहा पीत वाद घालायची त्यांना सवय होती. रिकामे रस्ते, विजेचे खांब, भिंतीवर चिकटवलेली संपाची पोस्टरं, गस्तीचे शिपाई हा सारा ऐवज त्यांच्या कवितेत आला आहे. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या कवितेत तर चंद्रच हेरगिरी करत फिरतो. तोवरच्या भारतीय कवितेने प्रेयसीच्या मुखासाठी राखून ठेवलेला चंद्र इथे सरकारी खबऱ्या होतो.

मराठी वाचकाने विसरू नये असा एक निबंध याच दिवसांतला, १९५५ चा. मध्ययुगीन भक्तिचळवळीवर लिहिताना मुक्तिबोधांनी विचारलं की निर्गुण भक्तीचा जोर शूद्र मानलेल्या जातींतून आला, मग सगुण भक्तीची सूत्रं उच्चवर्णीयांच्या हाती कशी गेली? उत्तर शोधताना ते ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्याकडे वळतात आणि महाराष्ट्रातली संतचळवळ उत्तरेतल्या कबीर-तुलसीशेजारी ठेवून तपासतात. हिंदी समीक्षेत हा निबंध आजही वादाचा विषय आहे. तो लिहिणाऱ्याला वारकरी संत घरातूनच ऐकून माहीत होते, हे त्या मांडणीत लपत नाही.

१९५८ साली त्यांना अखेर बऱ्यापैकी स्थिर नोकरी मिळाली. राजनांदगावला नुकतंच दिग्विजय कॉलेज निघालं होतं, तिथे ते हिंदीचे प्राध्यापक झाले. राजनांदगाव म्हणजे बैरागी महंतांच्या घराण्याचं जुनं संस्थान, आता छत्तीसगडात. कॉलेज भरत होतं राजाच्या जुन्या वाड्यात. एका बाजूला राणीसागर, दुसऱ्या बाजूला बूढासागर हे तलाव. मुक्तिबोधांचं बिऱ्हाड त्याच वाड्याच्या एका भागात, वरच्या मजल्यावर. वर जायला गोल फिरत चढणारा अरुंद जिना. खिडकीतून पाणी दिसे. भिंतींचा गिलावा जागोजागी सुटलेला. गावात कापडाची गिरणी होतीच.

ही जागा त्यांच्या कवितांत अशी मिसळली की वाडा पाहून आलेल्याला कविता ओळखीची वाटते आणि कविता वाचलेल्याला वाडा. ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत ओसाड बावडीच्या खोल पाण्यात एक विद्वान पिशाच्च राहतं. ते रात्रंदिवस अंग घासून मळ काढत असतं आणि मळ काही जात नाही. वेदांपासून मार्क्सपर्यंत सगळं त्याला पाठ, पण ज्ञान कुणाच्या कामी आलं नाही म्हणून त्याला मुक्ती नाही. मराठी माणसाला ब्रह्मसमंध ठाऊक असतो: शिकलेला, पिंपळावर अडकलेला. मुक्तिबोधांनी त्याला विसाव्या शतकातल्या बुद्धिजीवी माणसाचा चेहरा दिला. शेवटी कवी त्या भुताला जाळत नाही की पळवून लावत नाही. त्याचा शिष्य होऊन त्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करावं असं त्याला वाटतं.

आता ‘अंधेरे में’. १९५७ ते १९६२ या काळात, म्हणजे नागपूर आणि राजनांदगाव अशा दोन्ही ठिकाणी ही दीर्घ कविता घडत राहिली. कथानक स्वप्नासारखं आहे. अंधाऱ्या खोलीत कुणीतरी येरझारा घालतंय, दिसत मात्र नाही. भिंतीचा गिलावा पडतो आणि त्या पडझडीतून एक चेहरा आपोआप उमटतो. दारावर थाप पडते, पण उठून कडी काढायचं बळ निवेदकात नाही. मग मध्यरात्रीच्या सामसूम रस्त्यावरून मिरवणूक निघते. बँड, घोडदळ, संगिनी आणि त्यांच्याबरोबर शहरातले नामवंत पत्रकार, कवी, विचारवंत, मंत्री, उद्योगपती. त्याच रांगेत डोमाजी उस्ताद हा शहरातला कुविख्यात खुनीही आहे. दिवसा वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसणारी ही माणसं रात्री एकाच तालावर चालतात. निवेदकाने ते पाहिलं, हाच त्याचा गुन्हा. त्याचा पाठलाग सुरू होतो. शहरात लष्करी अंमल बसतो. वडाखालचा एक वेडा स्वतःलाच जाब विचारणारं गाणं म्हणतो: तू आजवर काय केलंस, कसलं जगलास. पुढे टिळकांचा दगडी पुतळा लागतो आणि त्याच्या नाकातून रक्त ठिबकू लागतं. नागपूरकराला इथे महालातला टिळक पुतळा आठवल्यावाचून राहत नाही. गांधी भेटतात आणि निवेदकाच्या हाती एक रडतं मूल देतात. त्या मुलाची सूर्यफुलं होतात, फुलांची बंदूक होते. शेवटी अटक, मारझोड, विचार कुठे लपलेत ते पाहण्यासाठी डोक्याची झडती.

गिरणीच्या संपातला गोळीबार पाहिलेला, सरकारी खात्यात टोपणनावाने लिहिलेला, पोलिसाच्या घरात वाढलेला माणूस हे लिहीत होता. मात्र कवितेचा खरा धाक मिरवणुकीत नाही. निवेदक सद्गुणी आहे आणि बाकीचे दुष्ट, अशी सोय ती वाचकाला देत नाही. कडी न काढणारा हात निवेदकाचाच आहे. सुशिक्षित मध्यमवर्गावर आरोपपत्र ठेवताना मुक्तिबोधांनी आरोपी क्रमांक एक म्हणून स्वतःला उभं केलं. नेहरूंच्या काळात, धरणं आणि पंचवार्षिक योजनांच्या भर उत्साहात हे लिहिलं गेलं, म्हणून अनेकांना ते अतिरेकी वाटलं.

आणि मग मिरवणूक त्यांच्या दाराशी आली. संसाराला हातभार म्हणून मुक्तिबोधांनी शाळेसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिलं होतं. पाठ्यपुस्तक म्हणून ते मंजूरही झालं. त्यातल्या काही मजकुरावर धर्म आणि परंपरेच्या नावाने ओरड सुरू झाली, आंदोलनं झाली, पुस्तक जाळलं गेलं. पाठ्यपुस्तकांच्या बाजारातली प्रकाशकांची चढाओढही या ओरडीमागे होती, असं त्यांचे मित्र सांगत. सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने पुस्तकावर बंदी घातली. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पैसे बुडाल्याचं दुःख होतंच, पण त्यांना हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्यांचे मित्र, व्यंगलेखक हरिशंकर परसाई यांनी त्या दिवसांतले मुक्तिबोध टिपून ठेवले आहेत: सतत अस्वस्थ, आपल्यावर नजर आहे असं मानणारे, देशात फॅसिझम पाय रोवतोय असं मित्रांना पुन्हा पुन्हा बजावणारे. मित्र समजूत घालत. मुक्तिबोधांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने ही बंदी योगायोग म्हणून सोडून दिली असती. त्यांनी तर हे सगळं ‘अंधेरे में’त आधीच लिहून ठेवलेलं होतं.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. त्या वेळी मुख्यमंत्री होते द्वारकाप्रसाद मिश्र, ज्यांच्या ‘सारथी’त यौगंधरायण लिहीत असे तेच. प्रकृती सुधारेना. लेखकांनी दिल्लीत धावपळ केली, नुकतेच पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींपर्यंत गोष्ट गेली आणि मुक्तिबोधांना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवलं. निदान होतं क्षयजन्य मेंदूज्वर. ते बेशुद्धीत होते तेव्हा कवी श्रीकांत वर्मा आणि इतर मित्र त्यांच्या कवितांची जुळवाजुळव करत होते. कवी शमशेर बहादूर सिंहांनी प्रस्तावना लिहिली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोध गेले; सत्तेचाळीस पुरी व्हायला दोन महिने होते. त्यानंतर भारतीय ज्ञानपीठाने ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह प्रसिद्ध केला. ‘अंधेरे में’ हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात नोव्हेंबर १९६४ मध्ये आली. अंत्ययात्रेला चित्रकार मकबूल फिदा हुसेन होते. आपण अनवाणी चालू लागलो ते मुक्तिबोधांच्या मृत्यूनंतर, असं ते सांगत.

पुढचा इतिहास वादांचा आहे आणि तो वाद निरोगी आहे. समीक्षक नामवर सिंहांनी ‘कविता के नये प्रतिमान’ या १९६८ च्या पुस्तकात मुक्तिबोधांना नव्या कवितेच्या मध्यभागी आणून ठेवलं. ‘तार सप्तक’मधले त्यांचेच सोबती रामविलास शर्मा यांनी दहा वर्षांनी उलट बाजू मांडली: हा कवी अस्तित्ववादाच्या कचाट्यात सापडलेला, खंडित व्यक्तिमत्त्वाचा आहे, मार्क्सवाद त्याला पुरता पेलला नाही. दोघेही मार्क्सवादीच. मुक्तिबोध दोघांनाही पुरे हाती लागले नाहीत, म्हणूनच ते वाचले जात राहिले. १९८० साली नेमिचंद्र जैनांनी संपादित केलेली सहा खंडांची ‘मुक्तिबोध रचनावली’ आली. त्याच वर्षी मणि कौल यांनी मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला. राजनांदगावात ज्या तरुणाच्या कविता वाचून मुक्तिबोधांनी त्या श्रीकांत वर्मांच्या ‘कृति’ मासिकाकडे पाठवल्या, त्या विनोदकुमार शुक्लांना पुढे ज्ञानपीठ मिळालं. राजनांदगावच्या त्या वाड्याजवळ आज सरकारी स्मारक आहे. पाठ्यपुस्तकावर बंदी आणणारी आणि कविता अभ्यासक्रमात लावणारी व्यवस्था तीच, हा विनोद परसाईंच्या लेखणीला शोभला असता.

मराठीत मात्र दोन मुक्तिबोध क्वचितच शेजारी ठेवून वाचले जातात. थोरले हिंदीवाल्यांचे, धाकटे आपले, अशी वाटणी आपण मुकाट मान्य केली आहे. ती मोडायची असेल तर ‘अंधेरे में’पासून सुरुवात करू नये, पहिल्या चार पानांत वाचक थकतो. आधी ‘एक साहित्यिक की डायरी’ घ्यावी. त्यात मुक्तिबोध मित्राशी गप्पा मारतात, हमरीतुमरीवर येतात, स्वतःचंच म्हणणं खोडून काढतात. त्यांची हिंदी मराठी कानाला फारशी परकी लागत नाही. मग ‘ब्रह्मराक्षस’, मग उज्जैनची ओळख पक्की व्हायला शरच्चंद्रांची ‘क्षिप्रा’. त्यानंतर ती लांबलचक मिरवणूक वाचायला घ्यावी आणि वाचताना एवढंच तपासावं की त्या रांगेत आपल्या ओळखीचं कोण कोण आहे. मुक्तिबोधांनी ही यादी करताना स्वतःपासून सुरुवात केली होती. वाचकालाही त्यातून सूट नाही.